चुना धरलेल्या धमन्या

अक्कलकोटहून दुधनीकडे जातांना वाटेंत मैंदर्गी लागतें. सोलापूर जिल्ह्याचा हा अगदीं कडेचा भाग. थोडें पुढें गेलें कीं कर्नाटकाची हद्द. मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषा एकाच तोंडून सहज ऐकूं याव्या अशी येथील वस्ती, आणि भोंवतालीं ज्वारी-तुरीचें रान. अशा ठिकाणीं माणसाचा सारा व्यवहार त्याच्या पायांवर उभा असतो असें म्हटलें, तर तो केवळ अलंकार होणार नाहीं. शेताच्या बांधावर जावयाचें तें पायांनीं, गुरांमागें फिरावयाचें तें पायांनीं, आणि आषाढीला पंढरीची वाट धरावयाची तीहि पायांनींच. कर्त्या माणसाचा एक पाय गुडघ्याखालीं गेला म्हणजे केवळ त्याची चाल जाते असें नव्हे; घराचें उत्पन्न घटतें, आणि पुष्कळदां घरांतील आणखी एक माणूस त्याच्या सेवेला अडकून पडतो.

आतां अशी कल्पना करावी, कीं ह्या गांवांत साठी ओलांडलेला एक शेतकरी आहे. त्याला दहा-बारा वर्षांचा मधुमेह आहे आणि तरुणपणापासून विडीची संवय आहे. घरापासून मळ्यापर्यंतची वाट तो पूर्वीं एका दमांत चालत असे. गेलें वर्षभर निम्म्या वाटेवर त्याच्या पोटरींत गोळा येतो. लिंबाच्या सावलींत दोन-चार मिनिटें उभें राहिलें कीं गोळा जातो. पुनः तितकींच पावलें चाललीं कीं पुनः येतो. घरचीं माणसें म्हणतात, वात आहे; तेल चोळलें जातें, विटेचा शेक दिला जातो. पुढें एके दिवशीं नवी चप्पल अंगठ्याला चावते. फोड येतो, फुटतो, आणि महिना झाला तरी भरून येत नाहीं. रात्रीं पाय आडवा केला कीं जळजळ सुरू होते. तोच पाय खाटेखालीं लोंबता सोडला म्हणजे जरा बरें वाटतें. अंगठ्याचें टोंक काळें पडूं लागतें, तेव्हां कोठें कोणाच्या तरी तोंडून निघतें, "आतां सोलापूरला न्या."

सोलापूर तेथून सुमारें ५० किलोमीटर. त्या वाटेच्या शेवटीं ह्या शेतकऱ्यापुढें जो प्रश्न उभा राहतो तो एकच : पाय कापावयाचा, कीं वांचवावयाचा ? ह्या प्रश्नाचें १९६० सालीं मिळालें असतें तें उत्तर आज मिळेलच असें नाहीं. पाय न चिरतां, जांघेंतील एका सुईएवढ्या छिद्रांतून आंत शिरून, बुजलेली धमनी मोकळी करण्याची विद्या मधल्या काळांत पुष्कळ पुढें गेली आहे. पण ह्या विद्येच्या आड एक जुना शत्रु येतो, आणि तो म्हणजे धमनीच्या भिंतींत धरलेला चुना.

पोटरींतील तो गोळा वाताचा नव्हे. चालूं लागलेल्या स्नायूला बसलेल्या स्नायूपेक्षां कितीतरी पट अधिक रक्त लागतें. धमनी अरुंद झालेली असली तर बसल्या जागीं पुरेल एवढें रक्त येतें, पण चालण्यापुरतें येत नाहीं. स्नायु उपाशी पडतो आणि तक्रार करतो. फ्रान्समधील पशुवैद्य बूले यांनीं १८३१ सालीं हें लक्षण घोड्यांत ओळखलें, आणि १८५८ सालीं शार्को यांनीं तें माणसांत दाखवून दिलें. पाय लोंबता सोडल्यावर बरें वाटण्याचें कारणहि तितकेंच साधें आहे : वरून येणाऱ्या क्षीण रक्ताला पृथ्वीच्या आकर्षणाची मदत मिळते. ज्याला रात्रीं अशी मदत घ्यावी लागते, त्याचा पाय धोक्याच्या अगदीं काठावर आला आहे असें समजावें. मात्र मधुमेहांत एक विचित्र संकट असें, कीं ज्या मज्जातंतूंनीं दुखण्याची वर्दी द्यावयाची तेच बधिर झालेले असतात. त्यामुळें कित्येकांना गोळाहि येत नाहीं आणि जळजळहि होत नाहीं. पहिली वर्दी मिळते ती काळ्या पडलेल्या बोटाचीच. आणि शेकाच्या विटेचा चटका तरी त्या बधिर तळव्याला कसा कळावा ?

धमनीची भिंत तीन पदरांची असते. रक्ताला लागून असलेलें आंतलें अस्तर अतिशय गुळगुळीत, मधला पदर स्नायूंचा व लवचिक तंतूंचा, बाहेरचा वेष्टनासारखा. ह्या भिंतींत चुना दोन ठिकाणीं धरतो. एक, आंतल्या अस्तराखालीं सांचलेल्या मेदाच्या थरांत. तंबाखू, मधुमेह, रक्ताचा वाढलेला दाब आणि रक्तांतील चरबी हे ह्या थराचे जनक. त्यानें वाट अरुंद होते आणि शेवटीं बुजते. दुसरें ठिकाण मधल्या पदराचें. ह्या प्रकाराचें वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ म्योंकेबेर्ग यांनीं १९०३ सालीं केलें. त्यांत प्रथमतः वाट फारशी अरुंद होत नाहीं. भिंत मात्र ताठर होत जाते, आणि लवचिक धमनीची जणूं चिनी मातीची नळी बनते. वार्धक्य, दीर्घकाळचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार हीं त्याचीं मुख्य कारणें. पुष्कळ मधुमेही रोग्यांत, विशेषतः गुडघ्याखालच्या धमन्यांत, हे दोन्ही प्रकार एकत्र नांदत असतात. पायाचा साधा क्ष-किरण फोटो काढला, तर ज्या धमन्या फोटोंत एरवीं मुळींच दिसूं नयेत त्या दोन समांतर पांढऱ्या रेघांच्या रूपानें, आगगाडीच्या रुळांसारख्या, स्पष्ट उमटतात.

विहिरीच्या पाण्यानें नळाला क्षार धरावा तसेंच हें आहे, असें सांगण्याचा मोह होतो; पण ती उपमा अर्धीच खरी आहे. धमनींतील चुना म्हणजे वाहत येऊन बसलेला गाळ नव्हे. भिंतींतील स्नायुपेशी रोगाच्या परिस्थितींत आपला स्वभाव सोडून हाडांतील पेशींसारख्या वागूं लागतात, आणि ज्या क्षाराचें हाड बनलेलें असतें तोच क्षार आपल्याभोंवतीं रचतात. म्हणूनच तो धुवून काढतां येत नाहीं. पानाला किंवा तंबाखूला लावलेला चुना धमन्यांत जाऊन बसतो, अशी एक समजूत ऐकूं येते, ती निराधार आहे. त्या चिमटींतील अपराधी चुना नव्हे, तंबाखू होय. सोलापुरांत विड्या वळून हजारों स्त्रियांनीं संसार सांवरले आहेत, ही गोष्ट आदरानेंच सांगावयास हवी. पण तीच विडी ओढणाऱ्याच्या पायाशीं वैर करते, हेंहि त्याच दमांत सांगितलें पाहिजे. शिरेंतून औषध देऊन हा चुना विरघळविण्याचा दावा कोठें कोठें केला जातो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेही रोग्यांवर अमेरिकेंत व कॅनडांत अशा औषधाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ सालीं प्रसिद्ध झाले, आणि त्यांत ह्या उपायाचा लाभ दिसला नाहीं.

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या स्थूल माणसाचा रोग, ही समजूतहि आतां टाकून द्यावयास हवी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांचीं मुलें यांचा दीर्घकाळ अभ्यास चालविला. वजनाला कमी भरणाऱ्या आपल्या बालकांच्या अंगीं मांस कमी, पण चरबी त्या मानानें अधिक असते, असें त्यांत आढळून आलें. दिसावयास सडपातळ असलेल्या शेतकऱ्याला मधुमेह कां व्हावा, ह्या कोड्याचा एक धागा येथें सांपडतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत मधुमेहाचे रोगी १० कोटींहून अधिक आहेत.

चुन्याची पहिली करामत अशी, कीं तो वैद्याच्या मोजमापालाच फसवितो. पायांतील रक्तप्रवाह तपासण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधून एकदां आणि घोट्याला बांधून एकदां दाब मोजावयाचा, व घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानें भागावयाचें. दंडाचा दाब १३० आणि घोट्याचा ६५ भरला, तर भागाकार ०.५ येतो. निरोगी माणसांत तो १ च्या आसपास असतो, ०.९ किंवा त्याहून कमी भरला तर वाटेंत अडथळा आहे असें मानतात. पट्टा, ध्वनिलहरींनीं नाडी ऐकणारें एक लहानसें यंत्र आणि दहा-पंधरा मिनिटांचा वेळ, एवढ्यावर हें काम भागतें. पण ही सारी रीत एका गृहीतावर उभी आहे : पट्टा फुगविला कीं धमनी दबली पाहिजे. चुना धरलेली धमनी दबतच नाहीं. पट्ट्यांतील दाब २०० च्या वर चढविला तरी नाडी ऐकूं येत राहते, आणि भागाकार १.४ च्याहि पलीकडे जातो. तेव्हां निदान शंका तरी येते. खरा धोका आहे तो मधल्या अवस्थेंत. अडथळ्यानें आंकडा खालीं ओढावा, ताठरपणानें वर ढकलावा, आणि दोहोंच्या ओढाताणींत तो नेमका १ वर येऊन थांबावा ! मग कागदावर सर्व ठीक दिसतें, रोग्याला मलम देऊन घरीं पाठविलें जातें, आणि अंगठा काळा पडत राहतो.

ह्यावर तोड आहे, आणि ती फार अवघड नाहीं. पायाच्या बोटांतील बारीक धमन्यांना हा चुना सहसा कमी धरतो. म्हणून घोट्याऐवजीं अंगठ्याला छोटा पट्टा बांधून तेथील दाब मोजला, तर खरी स्थिति कळते. तो ३० च्या खालीं असेल, तर जखम आपण होऊन भरून येण्याची आशा फार थोडी. ज्या मधुमेही रोग्याच्या पायावर न भरणारी जखम आहे, त्याच्या घोट्याचा दाब पाहून समाधान मानूं नये, अंगठ्याचा दाब पाहावा, एवढी एक गोष्ट तालुक्याच्या गांवोगांवीं पोंचली तरी कित्येक पाय वेळेवर पुढील तपासणीला जातील. पुढची तपासणी म्हणजे ध्वनिलहरींचें चित्र, आणि नंतर धमनींत क्ष-किरणांना अडविणारें द्रव्य सोडून काढलेला आलेख.

आंतून वाट मोकळी करण्याच्या विद्येचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड येथल्या इस्पितळांत वेर्नर फोर्समान ह्या तरुण डॉक्टरानें स्वतःच्या हाताच्या शिरेंतून एक लांब नळी थेट हृदयापर्यंत घातली, आणि तशाच स्थितींत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन तिचा फोटो काढविला. त्या वेळीं त्याच्या वाट्याला मुख्यतः उपहास आला. १९५६ सालीं नोबेल पारितोषिक आलें. १९५३ सालीं स्वीडनमधील सेल्डिंगर यांनीं एक साधी पण अमोल युक्ति काढली : सुई टोंचावयाची, सुईंतून तार आंत सोडावयाची, सुई काढून घ्यावयाची, आणि तारेवरून नळी सरकवावयाची. रक्तवाहिनी चिरण्याचें कारणच उरलें नाहीं. आजहि जांघेंतून आंत शिरणारा प्रत्येक वैद्य ह्याच वाटेनें जातो.

पण नळी तोंवर केवळ पाहण्यासाठीं होती. ती दुरुस्तीसाठीं वापरतां येईल, हें अमेरिकेंतील पोर्टलंड येथील चार्ल्स डॉटर यांनीं दाखविलें. १६ जानेवारी १९६४ रोजीं त्यांच्यापुढें ८२ वर्षांची एक वृद्धा होती. पायावर जखम, बोटें सडूं लागलेलीं. पाय कापावा असा शस्त्रवैद्यांचा सल्ला, आणि तो मानावयास तिचा साफ नकार. डॉटर यांनीं मांडीच्या धमनींतील अरुंद जागेंतून तार नेली, आणि तिच्यावरून एकाहून एक जाड अशा निमुळत्या नळ्या सारून ती जागा रुंद केली. थंडगार पडलेला पाय ऊबदार झाला, जखम भरून आली. सुमारें अडीच वर्षांनीं ती अन्य आजारानें वारली, तोंपर्यंत ती धमनी वाहती होती. अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांनीं मात्र डॉटर यांच्याकडे बराच काळ संशयानेंच पाहिलें. त्यांचें काम युरोपांत रुजलें. आणि झुरिक येथें आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनीं, स्वतःच्या स्वयंपाकघरांत खटपट करून, नळीच्या टोंकाशीं न फाटणारा चिंचोळा फुगा बसविला. १९७४ सालीं तो त्यांनीं पायाच्या धमनींत वापरला, आणि १९७७ सालीं हृदयाच्या. हृदयाच्या अँजिओप्लास्टीचें नांव आज खेड्यापाड्यांतून माहीत आहे. ती विद्या प्रथम पायांवर शिकली गेली, हें फारसें कोणाला ठाऊक नसतें.

फुग्याचें काम वरवर सोपें दिसतें. रोगी जागा असतो. जांघेंतील कातडी तेवढी बधिर केलेली. सुमारें दोन मिलिमीटर व्यासाची नळी आंत बसवितात, तिच्यांतून केंसाहून थोडी जाड अशी तार पुढें ढकलतात, आणि पडद्यावर पाहत पाहत ती अडथळ्यापार नेतात. कधीं कधीं वरून तार पार होतच नाहीं. तेव्हां पावलावरील किंवा घोट्याजवळील धमनींत बारीक सुई टोंचून खालून वर यावें लागतें. गुडघ्याखालीं तीन धमन्या असतात, आणि त्यांचा व्यास दोन-तीन मिलिमीटरच. त्यांतील एक तरी पावलापर्यंत सरळ वाहती झाली पाहिजे, असा ह्या साऱ्या खटाटोपाचा हेतु. तार पार झाली कीं तिच्यावरून फुगा न्यावयाचा, तो फुगवावयाचा, आणि मेदाचा थर भिंतीशीं दाबून वाट रुंद करावयाची.

येथें चुन्याची दुसरी करामत आडवी येते. मऊ थर फुग्यापुढें नमतो. चुन्याचा थर नमत नाहीं. दाब वाढवीत नेला, तर जी बाजू मऊ आहे तीच ताणली जाते आणि फाटते, आणि कठीण बाजू तशीच राहते. कित्येकदां फुगा फुगला तोंवर वाट रुंद, आणि फुगा काढला कीं पुनः अरुंद. अस्तर फाटून त्याची घडी प्रवाहांत लोंबूं लागली, तर ती दाबून धरण्यास धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवावी लागते. पण गुडघ्यामागची धमनी ही हृदयांतील धमनीसारखी एका जागीं राहणारी नव्हे. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवें बसून खुरपणाऱ्या माणसाच्या गुडघ्याची दिवसांतून किती वेळां घडी होते ! तेथें बसविलेली जाळी दुमडावी, चेपावी, प्रसंगीं मोडावी, यांत नवल नाहीं. शिवाय चुन्याच्या कड्यांत अडकलेली जाळी पुरती उघडतहि नाहीं. म्हणून ज्या पायाला चुना फार, त्याला आंतून उपचार करण्यांत अर्थ नाहीं, असें पुष्कळ वैद्य परवांपरवांपर्यंत म्हणत असत, आणि त्यांचें म्हणणें अवास्तव नव्हतें.

चुना फोडण्याची एक रीत घांसण्याची. तारेवरून हिऱ्याच्या कणांनीं मढविलेलें एक इवलेंसें चाक आंत नेऊन तें अतिवेगानें फिरवावयाचें. सहाणेवर घांसावा तसा कठीण थर झिजतो आणि लवचिक भिंत बाजूला सरते. ही रीत उपयुक्त आहे, परंतु घांसलेली धूळ रक्ताबरोबर पुढें जाते आणि पावलांतील बारीक वाहिन्या तुंबवूं शकते. शिवाय घांसणारा हात निष्णात हवा.

दुसरी रीत अधिक नवी, आणि तिची जन्मकथा अनपेक्षित आहे. जर्मनींतील डोर्निए ही विमानें बनविणारी कंपनी. अतिवेगानें जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले म्हणजे धातूला इजा कां होते, ह्याचा शोध घेतांना तेथील पदार्थशास्त्रज्ञांचें लक्ष आघाततरंगांकडे गेलें. ह्या तरंगांचा विशेष हा, कीं पाण्यांतून आणि पाण्यानें भरलेल्या मऊ मांसांतून ते विशेष इजा न करतां निघून जातात, आणि कठीण पदार्थ भेटला कीं त्याला तडे पाडतात. ७ फेब्रुवारी १९८० रोजीं म्युनिक येथें क्रिस्टिआन शौसी व त्यांचे सहकारी यांनीं ह्याच तरंगांनीं एका रोग्याच्या मूत्रपिंडांतील खडा कातडीला सुरी न लावतां फोडला. मुतखडा 'लहरींनीं फोडून' आलेला एकादा पाहुणा आज सोलापूर जिल्ह्यांत कोणत्याहि मोठ्या लग्नांत भेटेल. पण त्या लहरींचा आणि पायाच्या धमनीचा कांहीं संबंध असेल, अशी कल्पना त्याला नसावयाची.

तो संबंध कॅलिफोर्नियांतील कांहीं अभियंते व वैद्य यांनीं जोडला, आणि पायाच्या धमन्यांसाठीं तसलें साधन वापरण्यास अमेरिकेंत २०१६ सालीं परवानगी मिळाली. त्याची रचना समजण्यासारखी आहे. फुगा नेहमींचाच, पण त्याच्या पोटांत तारेच्या बाजूनें बारीक विद्युत्-टोंकें बसविलेलीं असतात. फुगा क्षारजलानें भरून केवळ ४ वातावरणांच्या दाबापर्यंत, म्हणजे भिंतीला नुसता टेकेल इतकाच, फुगवितात. नंतर विजेची ठिणगी पाडतात. ठिणगीनें पाण्याची क्षणांत वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि मिटतो, आणि त्या आघाताची लहर चहूंकडे पसरते. तिचा दाब क्षणमात्र ५० वातावरणांच्या घरांत जातो, परंतु तो इतका अल्पकाल टिकतो, कीं मऊ पदरांना त्याची झळ फारशी लागत नाहीं. चुना मात्र ठिकठिकाणीं तडकतो. आंतल्या थरांतला तसा मधल्या पदरांतलाहि. सेकंदाला एक अशा ठिणग्या एका पाळींत सुमारें तीस पाडतात, आणि मग फुगा पुढें सरकवून पुनः तेंच. येथें चुना काढून टाकला जात नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तो जागच्या जागींच राहतो. फक्त अखंड कडें होतें त्याचे तुकडे झालेले असतात. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या फडक्यांत बांधलेल्या असाव्या, आणि तें गांठोडें हातानें हवें तसें दाबतां यावें, तसा प्रकार. मग साधा फुगा थोड्या दाबानें धमनी मोकळी करतो.

हें कितपत खरें ठरलें, ह्याची परीक्षा ३०६ रोग्यांवर झाली. ज्यांच्या मांडीच्या किंवा गुडघ्यामागच्या धमनींत चुना फार होता, अशा रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट केले. एकाला लहरींचा फुगा, दुसऱ्याला साधा. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें लहरींच्या गटांत १०० पैकीं सुमारें ६६ धमन्या नीट उघडल्या, साध्या फुग्याच्या गटांत ५०. नाइलाजानें जाळी बसविण्याची पाळी पहिल्या गटांत १०० पैकीं ५ हून कमी वेळां आली, दुसऱ्यांत १८ वेळां. गुडघ्यांत घडी होणाऱ्या पायाला हा दुसरा आंकडा पहिल्यापेक्षां महत्त्वाचा आहे. तथापि १०० पैकीं ३४ धमन्या लहरींनींहि समाधानकारक उघडल्या नाहींत, हेंहि त्याच अहवालांत आहे. आणि उघडलेली धमनी पुढें पांच-दहा वर्षें उघडी राहील काय, आणि कापले जाणारे पाय त्यानें किती वांचतील, हे प्रश्न एवढ्यानें सुटत नाहींत.

शिवाय सुईच्या वाटेलाहि धोके आहेत. जांघेंत रक्तस्राव होतो, सुटलेला कण खालीं जाऊन अडकतो, आलेखासाठीं सोडलेल्या द्रव्यानें आधींच अशक्त असलेलें मूत्रपिंड आणखी बिघडतें. मांडी-पोटरीवर छेद घेऊन, रोग्याच्याच पायांतील शीर काढून, अडथळ्याला वळसा घालणारी वाट शिवून देण्याची जुनी शस्त्रक्रियाहि अजून निवृत्त झालेली नाहीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणींत १८३० रोगी होते, आणि ज्यांची स्वतःची शीर चांगली होती त्यांना शस्त्रक्रियाच अधिक हितावह ठरली. पुढल्याच वर्षीं मुख्यतः ब्रिटनमधील ३४५ रोग्यांच्या चाचणीनें गुडघ्याखालच्या रोगांत आधीं आंतून उपचार करावा, असा उलट कौल दिला. हे दोन निकाल एकमेकांस खोटें पाडतात असें मानण्याचें कारण नाहीं. दोहोंतील रोगी आणि रोगाचीं स्थळें सारखीं नव्हतीं. ज्याची शीर चांगली आणि प्रकृति धडधाकट, त्यानें सुरीला भिऊं नये. ज्याचें हृदय दुबळें, वय झालेलें, शीर निकामी, त्याला सुईची वाट. एकाच दुकानांत एकच माल मिळतो म्हणून तोच घ्यावा, असें मात्र होऊं नये. दोन्ही जाणणाऱ्या वैद्यांनीं एकत्र बसून ठरवावें, हें उत्तम.

सोलापुरांत १९६३ पासून वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलें मोठें सरकारी रुग्णालय आहे. हृदयाच्या अँजिओप्लास्टीची सोय असलेलीं खासगी रुग्णालयेंहि शहरांत आहेत. गुडघ्याखालच्या चुना धरलेल्या धमन्यांचें काम विशेष निपुणतेचें. त्यासाठीं पुणें, मुंबई किंवा हैदराबाद गांठावें लागण्याचा संभव असतो. लहरींचा फुगा एका रोग्यापुरताच वापरावयाचा असल्यामुळें महाग पडतो. महाराष्ट्र शासनाची जी आरोग्य योजना आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नांवानें चालते, ती २ जुलै २०१२ रोजीं दुसऱ्या नांवानें प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत सोलापूर होता. तींतील खर्चाची मर्यादा आतां कुटुंबामागें वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेली आहे. रुग्णालयांत पाऊल टाकतांच तेथील आरोग्यमित्राला गांठून, सुचविलेला उपचार योजनेच्या यादींत बसतो काय, हें प्रथम विचारून घ्यावें; जमीन गहाण टाकण्याचा विचार त्यानंतर.

मुंबईचे डॉ. अरुण बाळ आणि नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनीं मधुमेही पावलाच्या रक्षणासाठीं जें कार्य केलें, त्यांतील मोठा भाग धमनींत तार घालण्यापूर्वींचा आहे. रोज रात्रीं पाय धुवून, कोरडे करून, दिव्याखालीं तळवे पाहावे. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवाकडून पाहवून घ्यावे. अनवाणी चालूं नये, मग तें शेत असो कीं देवळाचें तापलेलें आंगण. चप्पल घालण्यापूर्वीं झटकावी. भोंवरी घरच्या ब्लेडनें कापूं नये. पायाला शेक देऊं नये. यांत खर्च कशाचाच नाहीं.

मैंदर्गीच्या त्या कल्पित शेतकऱ्याकडे पुनः वळावें, तर त्याचें पुढें काय होईल हें तो कोणत्या दिवशीं निघतो ह्यावर अवलंबून आहे. पोटरींत गोळा येऊं लागला तेव्हांच त्याच्या अंगठ्याचा दाब मोजला गेला असता, तर विडी सोडणें, रोज नेमानें चालण्याचा व्यायाम, साखर ताब्यांत आणणें आणि दोन-तीन साध्या गोळ्या, एवढ्यावर कदाचित् निभावलें असतें. फोड महिन्यांत भरला नाहीं तेव्हां तो निघाला असता, तर धमनी मोकळी होऊन बहुधा अंगठाहि राहिला असता. टोंक काळें पडल्यावर निघाला, तर अंगठा जाईल. पण पावलापर्यंत रक्त पोंचविलें तर टांच राहील, आणि टांच राहिलेला माणूस बांधावर जाऊं शकतो. अंगठा रक्त पोंचण्यापूर्वीं कापला, तर कापलेली जागाहि भरत नाहीं, आणि मग घोटा, मग गुडघा, अशी कापणी वर चढत जाते. म्हणून आधीं धमनी आणि मग सुरी, हा क्रम. उपचारानंतर जखम भरावयास आठवडे, कधीं महिने लागतात, आणि पहिल्या वर्षांत धमनी पुनः अरुंद होण्याचें भय असल्यामुळें दर कांहीं महिन्यांनीं अंगठ्याचा दाब पुनः मोजावा लागतो. मैंदर्गीहून सोलापूरला मोटारीनें दीड-दोन तास पुरतात. मधुमेही पावलांत जंतूंचा शिरकाव झाला, तर अंगठ्यावरील काळा डाग घोट्याकडे सरकावयास कित्येकदां एक आठवडाहि लागत नाहीं.